वाचकांचे प्रश्न : शतकानुशतके जगलेल्या नायकाला भूतकाळ का नसतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. व्हॅम्पायर, म्हणजे माणसांच्या रक्तावर जगणारे अमर पिशाच, नायक असलेल्या अतिमानुष प्रेमकथांच्या मालिका ठाणे आणि नवी मुंबईतले आपले वाचक मोठ्या संख्येने वाचत आहेत, आणि त्यांतील पात्रांविषयी त्यांच्या मनात गंभीर शंका आहेत. म्हणून हे सदर आज त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : व्हॅम्पायर नायकाच्या एका इंग्रजी प्रेमकथा-मालिकेचे पाच भाग मी नुकतेच वाचून संपवले. कथानक वेगवान आहे. प्रत्येक भागात नवे कुळ, नवा शत्रू, नवे युद्ध येते. तरीही पुस्तक मिटल्यावर नायकाचे डोळे राखाडी आणि हात थंड होते यापलीकडे त्याच्याविषयी काही आठवत नाही, आणि नायिकेविषयी तर तेवढेही आठवत नाही. करमणुकीच्या पुस्तकाकडून मी भलत्याच अपेक्षा ठेवते, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. ही पात्रे मनात का ठसत नाहीत, हे मला नेमके सांगता येत नाही. आपण सांगाल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली अपेक्षा मुळीच भलती नाही. व्यक्तिचित्रण कच्चे राहिले तर ज्याची भरपाई दुसऱ्या कशानेही होत नाही, असा प्रेमकथा हा साहित्यप्रकार आहे. रहस्यकथेत गुन्हेगार कोण या कुतूहलाच्या बळावर वाचक शेवटापर्यंत जातो; प्रेमकथेत मात्र या माणसाला हीच व्यक्ती का हवी, हाच मुख्य प्रश्न असतो, आणि दोघांपैकी एक जरी माणूस म्हणून उभा राहिला नाही तरी त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मालिकेचे नाव आपण कळवले आहे, परंतु ते येथे छापत नाही, कारण आपण वर्णिलेला दोष या प्रकारातल्या कितीतरी मालिकांत जसाच्या तसा आढळतो.

आपल्याला आठवणारे राखाडी डोळे आणि थंड हात हे नायकाचे वर्णन झाले. त्याचा स्वभाव त्यातून कळत नाही. अशा पुस्तकांत लेखक नायकाला ‘गूढ’, ‘एकाकी’, ‘धोकादायक’ अशी विशेषणे उदारपणे देतो, पण एकाकी असल्यामुळे त्याने एखादी गोष्ट केली किंवा टाळली, असा प्रसंग शेकडो पानांत एकदाही येत नाही. पुढचा भाग हाती घ्याल तेव्हा नायकाच्या तोंडचे एखादे पान त्याच्या भावाच्या किंवा शत्रूच्या तोंडी घालून पाहा. काहीच खटकले नाही, तर त्या तिघांत पात्र एकच आहे आणि नावे तेवढी तीन आहेत. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत सपाट आणि भरीव पात्रांतील फरक सांगताना अशी कसोटी दिली होती की, भरीव पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. आपला नायक पाच भागांत कितीदा चकित करतो, हे आठवून पाहावे. तो दर वेळी नायिकेला वाचवतो, दर वेळी तिच्यापासून दूर जाण्याची भाषा करतो आणि दर वेळी परत येतो.

माझ्या मते या प्रकारातला सर्वांत मोठा दोष भूतकाळाविषयीचा आहे. दोनशे-तीनशे वर्षे जगलेला माणूस ही कल्पनाच व्यक्तिचित्रणाची केवढी मोठी संधी आहे! त्याची भाषा, त्याची देवाधर्माविषयीची समजूत, स्त्रियांविषयीची मते, पैशाचा हिशोब, मृत्यूकडे पाहण्याची दृष्टी हे सगळे दुसऱ्याच काळात घडलेले असणार. प्रत्यक्षात मात्र अशा मालिकेतला तीनशे वर्षांचा नायक आजच्या शहरातल्या एखाद्या सुशिक्षित, सभ्य आणि श्रीमंत तरुणासारखा वागतो. त्याचे वय फक्त नायिकेला थक्क करण्यासाठी एका संवादात सांगितले जाते. लोकप्रिय मालिकांतही याचे भान कधीकधी दिसते. स्टेफनी मेयर यांच्या २००५ ते २००८ या काळात आलेल्या चार कादंबऱ्यांतला व्हॅम्पायर नायक एडवर्ड १९०१ साली जन्मलेला आहे, आणि शरीरसंबंधाआधी लग्न झाले पाहिजे असा आग्रह तो धरतो. तो आग्रह कोणाला पटो वा न पटो, त्याच्या जन्मकाळातून आलेला आहे एवढे स्पष्ट कळते, आणि तेवढ्यापुरता तो खरा वाटतो. पण हाच मुलगा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई-वडील गमावून बसलेला आहे, आणि त्या दुःखाचे वजन त्या चार पुस्तकांत जेवढे जाणवायला हवे होते तेवढे मला जाणवले नाही.

याउलट अ‍ॅन राइस यांची १९७६ मधली कादंबरी पाहावी. तिचा निवेदक लुई १७९१ मध्ये व्हॅम्पायर झालेला, लुईझियानातला मळेवाला आहे आणि भावाच्या मृत्यूचा अपराधभाव तो आधीच घेऊन आलेला आहे. त्यामुळे अमरत्व मिळाल्यावरही तो सुखी होऊ शकत नाही. त्याच कादंबरीतली क्लॉडिया पाच वर्षांची असताना व्हॅम्पायर होते. तिचे मन प्रौढ स्त्रीचे होत जाते आणि शरीर मात्र बाहुलीएवढेच राहते. तिचा संताप वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण तो तिच्या स्थितीतून सरळ उगवतो. अतिमानुष शक्तीने पात्राला काय दिले एवढेच पुष्कळ लेखक सांगतात. तिने काय हिरावून घेतले हे राइस सांगतात, आणि माणूस त्या दुसऱ्या गोष्टीतून दिसू लागतो.

आता नायिकेकडे वळतो, कारण तिच्यावर अन्याय अधिक होतो. पुष्कळ मालिकांत ती मुद्दाम कोरी ठेवलेली असते, जेणेकरून वाचणाऱ्या मुलीने त्या जागी स्वतःला कल्पावे. पहिल्या भागापुरती ही युक्ती चालूनही जाते. पण पुढे त्या कोऱ्या जागेला निर्णय घ्यावे लागतात, आणि निर्णय घेण्यासाठी लागणारी आवडनिवड, भीती, जबाबदारी यांपैकी तिच्याजवळ काहीच नसते. सव्वाशे वर्षांपूर्वीची ‘ड्रॅक्युला’ याबाबतीत आजच्या कितीतरी पुस्तकांच्या पुढे आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या त्या १८९७ मधील कादंबरीतली मीना शाळेत शिकवणारी आहे, तिला लघुलेखन आणि टंकलेखन येते, आणि सर्वांच्या रोजनिशा व पत्रे तारखेनुसार लावून शत्रूचा माग काढण्याचे काम तीच करते. स्वतः ड्रॅक्युला या व्हॅम्पायरच्या दंशाची बळी झाल्यावरही ती त्याच्याविषयी दया दाखवते, आणि आपण पूर्ण बदललो तर आपल्याला मारून टाका असे सोबत्यांकडून वचन घेते. काउंट ड्रॅक्युलालासुद्धा नेमकी इच्छा आहे. लंडनच्या रस्त्यात आपण परके म्हणून ओळखू येऊ नये, यासाठी तो आपल्या पाहुण्याशी बोलून इंग्रजीचा सराव करतो आणि इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक वाचत बसतो. वेळापत्रक वाचणारे ते पिशाच मला पहिल्या वाचनापासून आजतागायत विसरता आलेले नाही.

आणखी एका रूढीमुळे पात्रे पोकळ होतात, ती म्हणजे ‘नियतीने ठरवलेला जोडीदार’. दोघांची गाठ जन्मापूर्वीच बांधलेली आहे, असे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात जाहीर झाले की, कोणालाही कोणाची निवड करावी लागत नाही. ओढ का वाटते याचे उत्तर ‘वाटणारच होती’ एवढेच उरते. चार्लेन हॅरिस यांच्या २००१ ते २०१३ या काळात आलेल्या तेरा कादंबऱ्यांची नायिका सूकी ही बारमध्ये काम करणारी मुलगी आहे. तिला माणसांच्या मनातले सारे विचार ऐकू येतात आणि त्यामुळे कोणत्याही पुरुषाशी जवळीक साधणे तिला असह्य होते. व्हॅम्पायरचे मन मात्र तिला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या सहवासात तिला आयुष्यात पहिल्यांदा शांतता मिळते. ओढीचे असे कारण दिले की पुढचे मतभेदही त्याच कारणातून निघू शकतात.

मालिकेचे म्हणून एक वेगळे संकट असते. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेमाची कबुली झाली की मूळ प्रश्न सुटतो. मग प्रकाशकाला पुढचे भाग हवे असल्याने अडचणी बाहेरून आणाव्या लागतात. आपण लिहिलेली नवी कुळे आणि नवी युद्धे ती हीच. त्या गर्दीत पात्रांचे आतले प्रश्न मागे पडतात, आणि रक्ताची जी तहान पहिल्या भागात नायकाचे सगळ्यात मोठे दुःख होती, तिचा तिसऱ्या भागानंतर उल्लेखही होत नाही. मैत्रिणींना एवढे अवश्य सांगा की, वेगवान कथानक आणि सकस व्यक्तिचित्रण एकत्र नांदू शकतात, आणि दोन्ही मागण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी अशा मालिका वाचते. त्यांतला नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन थांबतो, ती कोणाला भेटते यावर लक्ष ठेवतो, आणि हे सर्व प्रेम म्हणून रंगवलेले असते. ही पुस्तके बंद करावीत का?
— एक पालक, वाशी

उत्तर : बंद करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, शक्य असल्यास तीच पुस्तके आपणही वाचावीत. आपली काळजी मात्र रास्त आहे, आणि तिचे मूळ पुन्हा व्यक्तिचित्रणातच सापडते. नायिकेला स्वतःचे मन दिलेले असते, तर अंथरुणाशेजारी उभा असलेला मनुष्य पाहून ती घाबरली असती, चिडली असती, किंवा त्याला परत न येण्याविषयी बजावले असते, आणि त्यानंतर तिने त्याला क्षमा केली असती तरी वाचकाला तिचा विचार कळला असता. मन दिलेले नसल्यामुळे पाळतीला प्रेम म्हणणारे नायकाचे बोलणेच पुस्तकाचे बोलणे होऊन बसते. मुलीला उपदेश करण्याऐवजी तिला विचारा की, हाच प्रसंग नायिकेच्या आईने किंवा मैत्रिणीने सांगितला असता तर कसा सांगितला असता. पंधराव्या वर्षी मुले याचे उत्तर चांगले देतात.

प्रश्न : मी मराठी कथा वाचण्याच्या एका ॲपवर व्हॅम्पायर-प्रेमकथेची मालिका लिहीत आहे. माझा नायक १८५३ साली, पंचविशीत असताना, ठाण्यात व्हॅम्पायर झाला आणि आज घोडबंदर रस्त्यावरच्या एका उंच इमारतीत राहतो. नायिका ऐरोलीतल्या आयटी कंपनीत रात्रपाळी करते. बारा भाग झाले. नायक गुळगुळीत वाटतो, असे वाचणाऱ्या मैत्रिणी सांगतात. त्याला जिवंत कसे करावे?
— एक लेखिका, ऐरोली

उत्तर : आपण निवडलेले वर्ष फार चांगले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली, आणि आपला नायक तो आवाज ऐकलेला माणूस असू शकतो. पण केवळ आगगाडी पाहिल्याने पात्र घडणार नाही. तो कोण होता, हे आपल्या पत्रात कोठेच नाही. कचेरीतला कारकून होता, खाडीत जाळे टाकणारा कोळी होता, की मिठागरावर राबणारा मजूर होता? १८५३ मध्ये माणसाचा व्यवसाय, जात, घर आणि देव ही एकमेकांत गुंतलेली होती. ती ठरवल्याशिवाय त्याच्या तोंडी एक वाक्यही खरेपणाने घालता येणार नाही.

त्यानंतर आपण टाळलेला, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, त्याची बायको कोठे आहे? त्या काळातला पंचविशीचा पुरुष अविवाहित असणे फारच विरळा. त्याची बायको बारा-चौदा वर्षांची असेल. तो रात्रीच्या अंधारात नाहीसा झाला, लोकांनी त्याला मेला असे समजून क्रियाकर्म केले, आणि ती मुलगी विधवा झाली. घर ब्राह्मणाचे असेल तर तिचे केशवपन झाले. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये आला, पण अशा घरातल्या मुलीला त्याचा उपयोग होणे जवळजवळ अशक्य होते. आपला नायक जिवंत आहे आणि ती मुलगी त्याच्या नावाचे वैधव्य भोगते आहे. रात्री माजघराच्या खिडकीपाशी जाऊन त्याने तिला पाहिले का? तिला सांगण्याचे धाडस केले का? ती म्हातारी होऊन गेली तेव्हा तो कोठे होता? हे प्रसंग कथेत आले तर आजच्या नायिकेसमोर ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ एवढे साधे वाक्य उच्चारणेही त्याला जड जाईल, आणि मैत्रिणींना जाणवलेला गुळगुळीतपणा तेथेच संपेल. बारा भागांत हे आलेले नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. तेराव्यात आले तर मागचे बारा भागही वेगळे दिसू लागतील.

पुढचा काळही त्याच्या अंगावरून गेलेला असू द्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लोक शहर सोडून आसपासच्या गावांकडे पळू लागले. माणसांच्या रक्तावर जगणाऱ्याने त्या दिवसांत काय केले? आजाऱ्यांच्या झोपड्यांकडे तो गेला, की उपाशी राहिला? याचे आपण जे उत्तर द्याल, त्यावर तो कसा माणूस आहे हे ठरेल. भाषेसाठी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची आहे, म्हणजे आपल्या नायकाच्या माणूसपणाचा जवळजवळ सगळा काळ त्या दोहोंमध्ये सापडतो. सगळे संवाद जुन्या मराठीत लिहू नका, वाचक कंटाळेल. पण राग आला किंवा भीती वाटली की त्याच्या तोंडून जुना शब्द निसटावा, आणि घाईत चिठ्ठी लिहिताना त्याचा हात मोडीकडे वळावा. त्या काळची पुस्तके चाळण्यासाठी १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्याला दूर नाही.

उन्हाचा नियम एकदाच ठरवून तो पाळा. स्टोकर यांचा काउंट दिवसाही बाहेर पडू शकतो, फक्त त्याच्या शक्ती कमी होतात. ऊन लागताच व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना १९२२ च्या ‘नॉस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रुळवली. आपल्या नायकाला जो नियम अधिक महागात पडेल तो घ्यावा.

नायिकेला आपण रात्रपाळी दिली आहे ती नायकाच्या सोयीसाठी, हे वाचताना लगेच कळते. तिला तिचे घर द्या. ती ऐरोली गावातल्या आगरी कुटुंबातली असेल तर तिच्या आजोबांची भातशेती नवी मुंबईसाठी घेतली गेलेली असेल; १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर या पट्ट्यातल्या गावांचे काय झाले, हे तिने घरात ऐकले असेल. १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली, आणि त्यावरून कित्येक घरांत भावाभावांचे वाद झाले. अशा घरातली मुलगी घोडबंदरच्या उंच इमारतीत राहणाऱ्या माणसाला पहिल्या भेटीत विचारील की, एवढा पैसा कोठून आला. दीडशे वर्षे जमिनी विकत घेत बसलेल्या माणसाला त्याचे उत्तर सोपे नाही. ज्या खाडीकाठाची तिला फक्त आजीच्या तोंडून ओळख आहे, तो काठ त्याने डोळ्यांनी पाहिलेला आहे; तिला त्याच्याकडून तो ऐकायचा आहे, आणि त्याच वेळी तो कोणाच्या बाजूने उभा होता हेही जाणून घ्यायचे आहे. या दोघांना एकमेकांशी बोलायला आता खराखुरा विषय मिळाला आहे.

प्रश्न : असे व्यक्तिचित्रण आपल्याकडच्या भुताखेतांच्या गोष्टींत आहे का, की आपली भुते केवळ घाबरवण्यापुरती?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्याकडची भुते अपुऱ्या राहिलेल्या इच्छेतून जन्मतात, हे त्यांचे मोठे वैशिष्ट्य आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मृत्यू आला, तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात आणि घाटावर सर्वांना ठाऊक आहे. त्याला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही, हे त्याची जात सांगतानाच कळते. आधुनिक काळात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भयाची गोडी लावली. त्यांतही मतकरींच्या गूढकथांत घरातल्या साध्या माणसांच्या मनाकडे जे लक्ष आहे, ते प्रेमकथा लिहिणाऱ्यांनीही अभ्यासावे असे आहे.

सर्वांत जुने उदाहरण वेताळाचे. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याच्या पंचवीस कथा आहेत, आणि रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळाच्या काही कथा इंग्रजीत आणताना वेताळाला व्हॅम्पायर हेच नाव दिले होते. प्रेतात राहणारा हा वेताळ राजाला दर खेपेस अशा पेचात टाकतो की, उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोके फुटेल, आणि बोलला तर सगळे श्रम वाया जातील. राजा बोलतो. त्याचा न्याय, त्याचा हट्ट आणि दिलेल्या शब्दाची त्याला असलेली चाड हे सगळे त्या निवडीतूनच कळत जाते. आपण चोविसावी कथा आवर्जून वाचा. बाप आणि मुलगा यांनी अनुक्रमे मुलगी आणि तिची आई यांच्याशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही. इतका वेळ त्याला छळणारा वेताळ तेव्हा त्याच्यावर प्रसन्न होतो, आणि ज्या साधूसाठी राजा हे प्रेत वाहत आहे तोच त्याचा बळी देणार आहे, हे त्याला सांगून टाकतो. वेताळाचे मन का पालटले, हे मागच्या तेवीस कथा वाचलेल्या वाचकाला निराळे सांगावे लागत नाही.